‘के-वन’ छोट्या पडद्यावर कसे रुजले?

प्रश्न : जपानमधील ‘के-वन’ ही किकबॉक्सिंगची स्पर्धा दूरचित्रवाणीवर इतकी लोकप्रिय कशामुळे झाली?

उत्तर : कराटेचे प्रशिक्षक काझुयोशी इशिई यांनी १९९३ मध्ये टोकियोत सुरू केलेल्या या स्पर्धेची रचनाच प्रक्षेपणाला सोयीची होती. अवजड वजनगटातील आठ लढवय्ये एकाच रात्री बाद पद्धतीने झुंजत आणि तीन लढती जिंकणारा विजेता ठरत असल्यामुळे प्रेक्षकाला निकालासाठी पुढील आठवड्याची वाट पाहावी लागत नसे. पहिल्या वर्षी क्रोएशियाच्या ब्रान्को सिकाटिचने अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या अर्नेस्टो हूस्टला पहिल्याच फेरीत गारद केले. फेऱ्या तीन मिनिटांच्या. कोपराचे प्रहार निषिद्ध आणि प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्यावर मर्यादा असल्याने नवख्यालाही लढत सहज कळे.

लोकप्रियतेचा कळस मात्र कौशल्यापेक्षा कुतूहलाने गाठला, असे माझे मत आहे. ३१ डिसेंबर २००३ रोजी नागोयात अमेरिकेचा धिप्पाड लढवय्या बॉब सॅपने माजी योकोझुना (सुमो कुस्तीतील सर्वोच्च श्रेणीचा मल्ल) अकेबोनोला पहिल्याच फेरीत लोळवले, तेव्हा ‘एनएचके’ या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या वर्षअखेरच्या पारंपरिक गीतमैफलीपेक्षाही काही मिनिटे या लढतीला अधिक प्रेक्षक लाभले होते. तांत्रिकदृष्ट्या ती लढत सामान्यच होती. खरा खेळ पाहायचा असेल, तर चार वेळा विजेता ठरलेल्या हूस्टच्या जुन्या लढती पाहाव्यात.