रॅम १६ जीबी की ३२? आधी कार्डाची बाकी संपवा

प्रश्न : माझ्या छोट्या डेस्कटॉपमध्ये ८ जीबीची एकच रॅम स्टिक आहे आणि मशीन सारखं रखडतं. ३२ जीबी केली तर व्हिडिओ एडिटिंगची कामं घेऊन वर्षभरात पैसे वसूल होतील असं वाटतं. संगणक क्रेडिट कार्डावर घेतला आहे. ३ टक्के मासिक व्याज आहे, पण ५ टक्के मिनिमम ड्यू (बाकीतली भरावीच लागणारी किमान रक्कम) दरमहा वेळेवर भरतो. रॅमही त्याच कार्डावर घेऊ का? ७ टक्क्यांची मुदत ठेव आहे, ती मोडायची नाही. सध्या मेमरी मोकळी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर भागवतो, त्याचं सबस्क्रिप्शन दरवर्षी आपोआप कापलं जातं.

उत्तर : कार्डावर अजिबात घेऊ नका. मिनिमम ड्यू वेळेवर भरल्याने फक्त लेट फी वाचते, व्याज चालूच राहतं. बाकी १०० धरा. महिन्याअखेर १०३ होतात, तुम्ही ५ भरता, ९८ उरतात. वर्षभरात साधारण ५५ भरून होतात, त्यातले ३२ व्याजात जातात आणि कर्ज उतरतं जेमतेम २३. बाकी निम्मी व्हायलाच अडीच वर्षांहून जास्त लागतील. शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही, म्हणजे रॅमवर पहिल्या दिवसापासून व्याज.

महिना ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जवळपास ४३. शेजारी ठेव ७ टक्के कमावते आहे. मुदतीआधी मोडल्याबद्दल एखादा टक्का कापला गेला तरी मोडा, तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा आणि उरलेल्यातून बाकी संपवा.

त्या सॉफ्टवेअरचं ऑटो-रिन्यूअल आजच बंद करा. कुठलंही सॉफ्टवेअर रॅम वाढवत नाही. ते कॅशे, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून मेमरीत ठेवलेली माहिती, रिकामी करतं, मोकळ्या मेमरीचा आकडा फुगलेला दिसतो आणि तीच माहिती मशीनला पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते. असल्या मालाचे पैसे दरवर्षी घेतले जातात याचा संताप येतो.

आता रॅम. विंडोज असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. किती स्लॉट (रॅम स्टिक बसवायच्या जागा) वापरात आहेत ते तिथे दिसतं. काही छोट्या मशीनमध्ये रॅम सोल्डर केलेली, म्हणजे आतल्या बोर्डाला कायमची जोडलेली असते. मॅक मिनीत २०२० च्या एम१ पासून ती वाढवताच येत नाही. स्लॉट असेल तर बहुधा लॅपटॉपची सोडिम, म्हणजे छोट्या आकाराची स्टिक लागते. तिच्या दोन पिढ्यांपैकी डीडीआर४ ला २६० पिन, डीडीआर५ ला २६२, खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरी बसत नाही. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर त्याच प्रकारची ८ जीबीची आणखी एक घ्या. १६ होतील, ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) चालू होईल आणि रॅममधूनच वाटा घेणारे इनबिल्ट ग्राफिक्सही सुधारतील. ३२ चा विचार एडिटिंगचं पहिलं काम हातात आल्यावर.

बसवताना वायर काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. स्टिक साधारण ३० अंशात तिरपी खोचा, सोनेरी कड जवळपास दिसेनाशी झाली की खाली दाबा. दोन्ही क्लिप खट्‌कन लागल्या पाहिजेत. अर्धवट बसली तर मशीन सुरूच न होण्याची शक्यता असते. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, कारण मशीन नव्या रॅमशी जुळवून घेत असतं. तेवढ्यात वायर ओढू नका.