जुनं फेल्ट टाकू नकोस

प्रिय मित्रा,

पियानोतलं कसरीने खाल्लेलं फेल्ट, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, झाडून काढलंस आणि आता विचारतोस, नवं किती जाडीचं मागवू? आधी सांग, ते जुनं कुठे आहे? कचऱ्यात गेलं असेल तर आत्ता ऊठ आणि परत आण. त्या पियानोचा नकाशा तेवढाच उरलाय.

मधल्या सप्तकांच्या पट्ट्यांखालच्या फेल्टच्या चकत्या ठोके खाऊन चेपलेल्या असतात. त्या मोजून मागवलंस तर फसशील. टोकाच्या पट्ट्या फारशा वाजत नाहीत; तिथली चकती मोज. वाजवायच्या पट्ट्यांची मागची टोकं फेल्टच्या ज्या लांब पट्ट्यावर टेकतात, त्याच्यावर दोन टोकांच्या मधे जी जागा कधी दबलीच नाही, तीही मोज. जाडी मोजायच्या कॅलिपरचा जबडा नुसता टेकव, आवळू नकोस. पट्टी पुढून साधारण 10 मिमी खाली जाते, तेवढ्यात तारेवर आपटणारी हातोडी 45 मिमीच्या आसपास उडते. फेल्टमधली अर्ध्या मिमीची चूक हातोडीपाशी कितीतरी मोठी होऊन पोचते.

चकत्यांखालचे कागदाचे पातळ तुकडेही जप. कुणीतरी एकेका पट्टीसाठी ते निवडून घातलेत. प्रत्येक पट्टीचं वेगळं पाकीट कर, वर क्रमांक घाल. चिकटलेला पट्टा खरवडू नकोस. जुना सरस कोमट ओल्या फडक्याने मऊ पडतो, पट्टा अखंड निघतो. हातोडीच्या फेल्टखाली चामडं निघालं तर तेही ठेव. फेल्टच्या हातोडीचं पेटंट पॅरिसमध्ये 1826 साली निघालं, त्याआधी चामडंच चालायचं.

तुला कटकट वाटेल. वाटू दे. माझ्याकडे एक ग्रँड पियानो आला होता, आधीच्या कारागिराने त्यातलं सगळं फेल्ट फेकून दिलेलं, चिमूटभरही उरलं नव्हतं. मी अंदाजाने बसवलं. घरची माणसं खूश झाली. पण त्या पट्ट्यांना मुळात हात कसा लागत होता, हे आता कुणालाच कळायचं नाही. मला ते अजून खातं.

'फार वेळ लावता' म्हणत गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, तीही चांगली. तरी पाकिटं भरल्याशिवाय मी नव्या फेल्टला कात्री लावलेली नाही, लावणारही नाही. घाई असणाऱ्याने नवा पियानो घ्यावा. तुझे हात चांगले आहेत म्हणून एवढं रागावतोय. जुनं फेल्ट टाकू नकोस.

दोन्ही टोकांच्या तीन-तीन चकत्यांची मापं कळव. मागवायचं त्यानंतर बोलू.