गुडघ्याचा खर्च वेगळा, मैदानावर परतण्याचा वेगळा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा 20 वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तालमीच्या (कोल्हापुरात पेठांतल्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात) सीनियर संघातून फुटबॉल खेळतो, विद्यापीठाच्या संघातही आहे. गेल्या महिन्यात सामन्यात वळताना त्याचा पाय रुतला आणि गुडघा फिरला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा), पूर्ण तुटल्याचं निघालं. ऑपरेशनचा अंदाज 2 लाख 10 हजारांचा. शिवाय पुण्यातलं एक केंद्र सहा महिने तिथे राहून रिहॅब (पाय पूर्ववत करण्याचे व्यायाम-उपचार) करा म्हणतंय, त्याचे 3 लाख 50 हजार. एकूण 5 लाख 60 हजार. त्यासाठी पतसंस्थेकडून 14 टक्क्यांनी 3 लाख काढायचे आणि धाकटीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली 4 लाखांची एफडी मोडून उरलेले भागवायचे, असा विचार आहे. यजमान शिरोलीत फाउंड्रीत, हातात 46 हजार. ताईंच्या शिकवण्यांचे 9 हजार. मुलगा यंदा कॉलेज सोडून फक्त पायाकडे बघतो म्हणतोय. तालमीनं पुढच्या हंगामासाठी 40 हजार आगाऊ द्यायची तयारी दाखवली आहे. करावं का हे सगळं?

ताई, 5 लाख 60 हजार हा आकडा आधी मनातून काढा. त्यात दोन अगदी वेगळे खर्च एकत्र आलेत. ऑपरेशन आणि त्यानंतरची फिजिओथेरपी हा गुडघ्याचा खर्च आहे. पोरगा पुन्हा खेळो न खेळो, त्याला पुढची पन्नास वर्षं त्याच पायावर काढायची आहेत. पुण्याचं पॅकेज मात्र कारकिर्दीवर लावलेला पैसा आहे. पहिल्यासाठी मी एफडीला हात लावू दिला असता, दुसऱ्यासाठी कर्ज काढू देणार नाही. पण तुम्ही पाठवलेले कागद पाहिल्यावर वाटतं की एफडीलाही हात लावायची वेळ येऊ नये.

यजमानांच्या कंपनीची 3 लाखांची ग्रुप पॉलिसी आहे आणि त्यात मुलं 25 वर्षांपर्यंत धरली आहेत. “खेळातली दुखापत बसत नाही” असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. ज्यानं सांगितलं त्यानं कलम वाचलेलं नाही. आरोग्य विम्यातलं ते कलम धोकादायक किंवा साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. त्यात गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यती, स्कूबा डायव्हिंग अशी नावं आहेत. फुटबॉल त्या यादीत नाही, आणि हंगामाला थोडंफार मानधन घेणारा कॉलेजचा पोरगा म्हणजे साहसी खेळातला व्यावसायिक नव्हे. टीपीएनं (विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थेनं) शंका काढली तर हेच लेखी उत्तर द्या.

खरी मेख दुसरीकडे असते, ती म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेल्या इतिहासात. अमुक तारखेला सामन्यात गुडघा पिळवटला, तेव्हापासून सूज आणि अस्थिरता, असं लिहिलं की तो अपघात ठरतो. त्याऐवजी कुणी घाईत “बऱ्याच दिवसांपासून गुडघेदुखी” लिहून गेलं, तर कंपनी तो जुना आजार मानून प्रतीक्षा काळाचं (जुन्या आजाराला ठरावीक काळ पैसे न देण्याचं) कलम पुढे करते. खोटं काही लिहायला सांगायचं नाही. खरी तारीख आणि खरं कारण डिस्चार्ज कार्डावर आहे की नाही, एवढं घरी यायच्या आधी वाचून घ्यायचं. एमआरआयचा रिपोर्ट आणि पहिल्या दिवशीची केस पेपरची पावती जपून ठेवा.

आता तो अंदाजपत्रकाचा कागद. खोलीचे दोन दिवसांचे 10 हजार, म्हणजे रोज 5 हजार. सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर मिळून 1 लाख 10 हजार. इम्प्लांट 55 हजार, औषधं आणि साहित्य 25 हजार, तपासण्या 10 हजार. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 3 हजार. तुम्ही 5 हजारांची खोली घेतली की कंपनी भाड्यातले 4 हजार तर कापतेच, पण सर्जन-भूल-थिएटरचं बिलही त्याच प्रमाणात, 60 टक्केच धरते. तिथे 44 हजार गेले. (इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही.) दोन रात्रींच्या एसी डिलक्स खोलीसाठी 48 हजार! 3 हजारांच्या आतली खोली मागा. ठरवून केलेलं ऑपरेशन आहे, तेव्हा भरतीच्या दोन-तीन दिवस आधीच कॅशलेसची मंजुरी मागवून घ्या. न मिळणाऱ्या किरकोळ गोष्टी धरून तुमच्या खिशातून 20-25 हजार जातील, असं धरून चला.

कॅशलेस नाकारलं गेलं तरी घाबरून एफडी मोडू नका. त्याच बँकेतून एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. एफडीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं, तेही वापराल तेवढ्याच रकमेवर, आणि दावा मंजूर झाला की भरून टाकता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन जाऊन विचारा. एक सकाळ जाईल, एवढंच.

पुण्याच्या केंद्राबद्दल. तिथली यंत्रं चांगली असतील, मी नावं ठेवत नाही. पण नवीन बसवलेला लिगामेंट हा शरीरातलाच दुसरीकडून घेतलेला तुकडा असतो, आणि तो रुजून मजबूत व्हायला महिने लागतात. पैसे ओतून तो वेळ कमी होत नाही. वळणं-वळसे असलेल्या खेळात नऊ महिन्यांच्या आत परतलं तर पुन्हा तुटण्याचा धोका बराच वाढतो, आणि वीस वर्षांच्या पोरांत तो मुळातच जास्त असतो. नेमारचा गुडघा ऑक्टोबर 2023 मध्ये गेला, तो ऑक्टोबर 2024 मध्ये परतला. ज्याच्या दिमतीला डॉक्टरांची फौज आहे त्यालाही वर्ष लागलं. मग सहा महिन्यांचं पॅकेज संपल्यावर तुमचा मुलगा असेल कुठे? अर्ध्याहून थोडा पुढे. उरलेले महिने पुन्हा कोल्हापुरात, आणि तोवर पैसे संपलेले.

तुमच्याकडे फिजिओथेरपिस्टनं सत्राचे 500 रुपये सांगितलेत. पहिले तीन महिने आठवड्याला तीन, पुढचे सहा महिने आठवड्याला दोन धरली तर साधारण 90 सत्रं, 45 हजार. जिमचे 6 हजार मिळवा. नऊ महिन्यांचा खर्च 50 हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला साडेपाच-सहा हजार. डिस्चार्जनंतरचे 60 दिवस तुमच्या पॉलिसीत धरलेले आहेत. डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली असेल तर त्या बिलांचा दावाही करा. उलट 3 लाखांचं कर्ज 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 10,250 च्या वर, आणि नुसतं व्याज 69 हजार. त्या व्याजात फिजिओथेरपी आणि जिम दोन्ही भागून वर पैसे उरतात. पुण्याला जायचंच असेल तर सहाव्या आणि नवव्या महिन्यात एकेक दिवस जाऊन दोन्ही पायांच्या ताकदीची आणि एका पायावरच्या उड्यांची चाचणी करून घ्या. दुखरा पाय चांगल्या पायाच्या 90 टक्क्यांवर आला की नाही, हा आकडा कागदावर पाहिजे.

तालमीचे 40 हजार घेऊ नका. हे लिहिताना मला कल्पना आहे की पेठेत तालमीला नाही म्हणणं म्हणजे काय. माणसं मायेनंच देतायत. पण हंगाम डिसेंबरच्या सुमारास सुरू होणार, आणि तेव्हा पोराला जेमतेम नऊ महिने झालेले असतील. पैसे घेतलेला खेळाडू बाहेर बसला तर पहिल्या दोन सामन्यांतच गॅलरीतून विचारणा सुरू होते, आणि मग पोरगं गोळी खाऊन मैदानात उतरतं. दुसऱ्यांदा तुटलेल्या गुडघ्याचा खर्च 40 हजारांत भागत नाही. तालमीला मदत करायचीच असेल तर फिजिओथेरपीचं बिल थेट भरू दे, खेळण्याची अट न घालता.

कॉलेज सोडण्याचा विचार तर फुटबॉलच्याच मुळावर येणारा आहे. नियमित विद्यार्थी नसेल तर आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येत नाही. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण पदवीधराच्या पदाला पदवीही लागतेच. त्याच्याकडे पात्र ठरणारी प्रमाणपत्रं असतील तर या रिकाम्या महिन्यांत विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळणी करून घ्या. गुडघा तुटला म्हणून जुनं पदक रद्द होत नाही.

आणि कारकीर्द? 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, म्हणून वाट नाही असं मी म्हणणार नाही. पण तो सतराव्या वर्षी देशाच्या संघात होता. शिवाय 2025 च्या जुलैत आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, देशातली वरची फुटबॉल लीग) हंगामच लांबणीवर टाकला गेला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीसारख्या क्लबनं पहिल्या संघाचे पगार थांबवले. वरच्या पायरीवर ही अवस्था असताना धाकटीची फी त्या भरवशावर लावायची नाही. तिला या वर्षी बारावी आहे ना? ती एफडी तिच्या नावानं वेगळी करून टाका, म्हणजे घरात विषयच निघणार नाही.

मुलाला हे सगळं तुम्ही सांगू नका, यजमानांनीही नको. सर्जनसमोर बसवून त्यालाच विचारू दे, परतायला किती महिने. त्यांच्या तोंडून ऐकलं की डिसेंबरमध्येच खेळायचा हट्ट असेल तर तो बराच उतरेल.

एक काम या महिन्यात कराच. ग्रुप पॉलिसी नोकरीसोबत जाते. चौघांची स्वतंत्र फ्लोटर पॉलिसी (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) घ्या आणि अर्जात हा गुडघा स्पष्ट लिहा. गुडघ्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागेल, पण बाकीच्यांचा आणि मुलाच्या बाकीच्या शरीराचा विमा सुरू होईल. लपवलंत तर पुढच्या खेपेला दाव्याचं पत्र नकार घेऊनच येईल.