अहवालात 'नवीन नाही' असं आलं, आणि मुलीला तेच काम करायचंय

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांचं रोषणाईच्या सामानाचं दुकान आहे. मुलगी शिवाजी विद्यापीठातून सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, वय २३. बापलेकीनं मिळून एलईडी पट्ट्यांवर द्यायचा एक लेप तयार केला. पट्टी बंद असताना लेप सागवानी तपकिरी दिसतो, देव्हाऱ्याच्या लाकडावर पट्टी चिकटवली तरी कळत नाही. पट्टी लावून चार-पाच मिनिटं झाली की उष्णतेनं रंग उडतो आणि उजेड मोकळा होतो. दोघांच्या नावानं पेटंटचा अर्ज झाला आणि वर्षाच्या आत परीक्षकाचा अहवाल आला: यात नवीन काही नाही, कल्पक काही नाही, आणि लिहिलंयही अपुरं.

वडील लिहितात, "आमची दोन वर्षं आणि जवळची पुंजी त्यात गेली. मी खचलो. पोरगी मात्र रोज रात्री तोच अहवाल घेऊन बसते. म्हणते, बाबा, हे ज्यानं लिहिलंय त्याचं काम मला करायचंय. अशी नोकरी असते का? तिला पीएच.डी.ला घालू, तारापूरला कंपनीत लावू, की तिचं ऐकू? आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला हे झेपेल का?"

नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचा अहवाल, दोन्ही नीट वाचले. आधी अहवालाबद्दल बोलतो, कारण तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

त्या कागदाचं नाव आहे 'पहिला परीक्षण अहवाल'. तो निकाल नाही. परीक्षक आक्षेप काढतो, तुम्ही उत्तर देता, गरज पडली तर सुनावणी होते आणि मग पेटंट कार्यालयाचे अधिकारी, म्हणजे नियंत्रक, निर्णय देतात. आक्षेपांशिवाय सुटणारा अर्ज विरळा. अहवाल इतक्या लवकर आला म्हणजे न वाचताच फेटाळला, अशी शंका तुम्ही घेतली आहे. तसं नाही. अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यातली एक जरी स्त्री असेल, तर २०१९ पासून जलद परीक्षणाची मागणी करता येते. तुमच्या पेटंट एजंटनं, म्हणजे तुमच्या वतीनं अर्ज चालवणाऱ्यानं, ती केली होती, अहवालाच्या पहिल्याच पानावर तशी नोंद आहे.

आता आक्षेप. हक्क नेमका कशावर मागताय हे सांगणारं अर्जातलं वाक्य म्हणजे दावा, या क्षेत्रातले लोक त्याला 'क्लेम' म्हणतात. तुमचा पहिला दावा साधारण असा आहे: सिलिकोन आणि उष्णतेनं रंग बदलणारं रंगद्रव्य असलेला, एलईडी पट्टीवर द्यायचा लेप. परीक्षकानं त्यासमोर दोन जुने कागद ठेवले. एकात सिलिकोनमध्ये मिसळलेला रंगबदलू रंग आहे, दुसऱ्यात तशाच आवरणाचा एलईडी दिवा आहे. या विषयातल्या जाणकारानं हे दोन कागद शेजारीशेजारी ठेवले, तर त्याला तुमचा लेप सहज सुचला असता, असं तो म्हणतो. मला तो आक्षेप रास्त वाटतो. गरम चहा ओतला की चित्र बदलणारे मग तुम्ही जत्रेत पाहिले असतील. घासलं की शाई नाहीशी होणारं पायलटचं फ्रिक्सन पेन तुमच्या मुलीनं वापरलं असेल. तत्त्व तेच. बारीक कुपीत तीन गोष्टी कोंडलेल्या असतात: रंग देणारा रेणू, त्याला रंगात आणणारं सौम्य आम्ल आणि मेणासारखा एक द्रावक. द्रावक वितळला की पहिल्या दोघांची जोडी तुटते आणि रंग जातो. थंड झालं की परत येतो. हे रसायन अनेक दशकांचं जुनं आहे. ते पट्टीवर लावलं एवढ्यावर वीस वर्षांचा हक्क मागितला, तर परीक्षकानं नाही म्हणणं हेच त्याचं काम.

पण तुमचा खरा शोध वेगळ्याच जागी आहे आणि तो तुम्हीच आत दडवून ठेवलाय. अर्जातलं चौथं उदाहरण मी दोनदा वाचलं. बाजारात सहज मिळणारं रंगद्रव्य ३१ अंशांला रंग सोडतं. सांगलीत चैत्र-वैशाखात पट्टी न लावताच लेप फिका पडला असता, म्हणून तुम्ही ४५ अंशांचं घेतलं. तेव्हा दुसरी अडचण आली. प्रत्येक एलईडीच्या डोक्यावर रंग उडायचा, पण दोन एलईडींच्या मधे तपकिरी ठिगळं राहायची. तुमच्या मुलीनं सिलिकोनमध्ये ॲल्युमिनाची बारीक पूड घालून उष्णता पसरवली आणि ठिगळं गेली. शिवाय त्या पुडीमुळे लेप दुधट झाला आणि उजेडाचे ठिपके न दिसता सलग रेघ दिसू लागली. एका पुडीनं दोन कामं केली. ही गोष्ट सहाव्या दाव्यात अर्ध्या ओळीत आहे! अर्ज प्रसिद्ध झालेला आहे म्हणून इथे एवढं लिहितोय, तरी नेमकं प्रमाण मुद्दाम देत नाही.

सहाव्या दाव्यावर परीक्षक काय म्हणतो ते पाहा. तिथे तो जुना कागद दाखवत नाही. तिथे त्यानं १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(ई) लावलंय: नुसतं मिश्रण, ज्यात घटकांच्या गुणांची बेरीज होते आणि त्यापलीकडे काही घडत नाही, ते कायद्याच्या लेखी शोधच नाही. बेरजेच्या पलीकडे काही घडतं, याचा पुरावा तो मागतोय. पूड न घातलेली पट्टी, पूड घातलेली पट्टी, दोन्हींचं अंशांतलं तापमान आणि रंग उडायला लागलेला वेळ, हे सगळं मोजून द्या. मुलीच्या वहीत त्या नोंदी आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. तुलनेचा असा तक्ता उत्तरासोबत जोडता येतो. मात्र मूळ अर्जात नसलेली नवी गोष्ट दुरुस्तीच्या नावाखाली दाव्यात घुसवता येत नाही, दावा आखडता घेता येतो. म्हणून सहावा दावा वर आणून पहिला अरुंद करायचा, ही चर्चा एजंटशी करा. पेटंट मिळेलच, असं मी म्हणणार नाही. पण लढायची जागा ती आहे.

आता तुमच्या मुलीकडे येतो. तुमच्या पत्रातली एक ओळ मी अधोरेखित करून ठेवलीय. अहवाल आल्याच्या तिसऱ्या दिवशी ती तुम्हाला म्हणाली, "बाबा, त्यानं सहाव्याला कागद दाखवला नाही, बघितलंत का?" अहो, स्वतःच्या दोन वर्षांच्या कामावर कुणी काट मारल्यावर तिसऱ्या दिवशी काट कुठे मारली नाही हे जिला दिसतं, तिला हे काम जमेल. इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या मुलांत हुशार पुष्कळ होती. अशी नजर फार थोड्यांना होती.

हो, अशी नोकरी असते. पदाचं नाव पेटंट व डिझाइन परीक्षक, केंद्र सरकारचं गट 'अ' राजपत्रित पद. वेतनस्तर दहावा, मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून. अभियांत्रिकीवाल्यांना पदवी चालते, विज्ञानाला पदव्युत्तर पदवी लागते. ती तिच्याकडे आहे, आणि रसायनशास्त्र हा त्यात स्वतंत्र विषय असतो. वय २१ ते ३५. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. पेटंट कार्यालयं चार, मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई. नेमणूक कुठेही होऊ शकते. परीक्षकांचं प्रशिक्षण नागपूरला राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत होतं.

यातली खोच अशी की ही भरती दरवर्षी निघत नाही. २०२३ मध्ये ५५३ जागांची निघाली होती. पुढची जाहिरात येईपर्यंत मुलगी नुसती अभ्यास करत घरी बसली, तर ते मला पटणार नाही. म्हणून दुसरं दार आधी उघडायचं: पेटंट एजंट. विज्ञानाची पदवी, २१ वर्षं पूर्ण आणि भारतीय नागरिकत्व एवढं पुरतं, वकिलीची पदवी लागत नाही. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा. प्रत्येक पेपरात ५० टक्के आणि एकूण ६० टक्के मिळवावे लागतात. हीसुद्धा दरवर्षी नेमानं होत नाही, २०१८ नंतर थेट २०२३ ला झाली. पण अभ्यासक्रम परीक्षकाच्या कामाशी इतका जुळतो की कष्ट वाया जात नाहीत. दरम्यान मुंबई-पुण्यातल्या पेटंट फर्ममध्ये शोधसहायक म्हणून एम.एस्सी. रसायनवाल्यांना घेतात. औषध कंपन्यांच्या पेटंट विभागातही घेतात. तारापूरच्या कंपनीत तसा विभाग असेल तर जरूर चौकशी करा. प्लँटवर पाळीचं काम असेल तर मी या मुलीला तिथे घालणार नाही.

रसायनाच्या माणसाला या क्षेत्रात किती वजन आहे, हे एका उदाहरणानं सांगतो. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधासाठी आलेला नोव्हार्टिसचा अर्ज नामंजूर केला. प्रश्न होता, माहीत असलेल्याच पदार्थाचं वेगळं स्फटिकरूप हा नवा शोध मानायचा का. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ ला तिथेही अर्ज नामंजूरच राहिला. स्वस्त जेनेरिक औषधावर जगणाऱ्या रुग्णांसाठी त्या निकालाचं मोल मोठं होतं. स्फटिक, क्षार, विद्राव्यता हे शब्द नुसते कायद्याच्या पुस्तकातून कळत नाहीत.

इंग्रजीची भीती मनातून काढा. पेटंटची भाषा ललित नसते, मोजक्या शब्दांची असते, पण ते शब्द अचूक लागतात. एकच जोडी सांगतो. दाव्यात 'कम्प्रायझिंग' लिहिलं, तर अर्थ 'हे घटक आहेत, आणखीही असू शकतात'. 'कन्सिस्टिंग ऑफ' लिहिलं, तर अर्थ 'एवढेच, बाकी काही नाही'. तुमच्या अर्जात दुसरा शब्द असता, तर उद्या शेजारच्या दुकानदारानं लेपात चिमूटभर वेगळी पूड घातली की तो तुमच्या दाव्यातून सुटला असता. दोन्हींत फरक आहे हे कळायला माध्यम आड येत नाही. तुमच्या घरी जमिनीचे सात-बारा आणि खरेदीखतं असतील तर तीही तिला वाचायला द्या. 'सदरहू', 'वहिवाट', 'हद्द' वाचता वाचता शब्दानं हक्क कसा बांधला जातो ते कळतं.

या कामाची दुसरी बाजूही तिला कळायला हवी. दिवसचे दिवस पडद्यासमोर बसायचं. ठरलेल्या मुदतीत ठरलेले अर्ज संपवायचे. चंचुपात्र, वास, हाताला लागलेला रंग हे सगळं सुटतं. तिनं तो लेप तुमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ब्रशनं थर देऊन देऊन केलाय. ती खोली सुटल्याचं तिला किती वाईट वाटेल, हे तिलाच विचारा. उत्तर 'फार' असं आलं, तर पीएच.डी. हा तिचा रस्ता. ३५ वर्षांची मर्यादा पाहता त्यानंतरही परीक्षक होता येतं.

हे ठरवायला तिला एक महिन्याचं काम देतो. भारतीय पेटंट कार्यालयाची 'इनपास' ही शोधप्रणाली सगळ्यांना मोफत खुली आहे. तिथे जुन्या अर्जांचे परीक्षण अहवाल, त्यांना दिलेली उत्तरं आणि निर्णयही वाचता येतात. उष्णतेनं रंग बदलणाऱ्या रंगांचा आंतरराष्ट्रीय वर्ग सी०९डी ५/२६, लवचीक प्रकाशपट्ट्यांचा एफ२१एस ४/२२. यांतले दहा अर्ज निवडायचे. अहवाल न उघडता फक्त दावे वाचायचे, स्वतःचे आक्षेप कागदावर लिहायचे आणि मग खरा अहवाल उघडून ताडून पाहायचं. जुने कागद शोधायला एस्पासनेट आणि पेटंटस्कोप आहेत, तेही मोफत. दहाव्या अर्जापर्यंत ती कंटाळली, तर तिनं मला तसं मोकळेपणानं लिहावं. अकरावा स्वतःहून उघडला, तर एजंटच्या परीक्षेची पुस्तकं आणून द्या.

आणि तुमच्यासाठी दोन कामं, दोन्ही तातडीची. अहवालाला उत्तर द्यायची मुदत सहा महिन्यांची आहे. ती अहवाल पाठवल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही तो वाचला त्या दिवसापासून नाही. अर्ज करून आणि फी भरून तीन महिने वाढवून मिळतात, पण त्यावर विसंबू नका. मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

दुसरं जास्त नाजूक आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही अभिमानानं लिहिलंय की ही पट्टी पहिल्यांदा तुमच्या गल्लीतल्या मंडळाच्या मखरात लावली आणि लोक बघतच राहिले. पेटंटचा अर्ज मात्र दिवाळीनंतरचा दिसतो. अर्जाआधी लोकांसमोर केलेला वापर नवेपणावर घाला घालू शकतो. आपल्या कायद्यात त्याला सवलत आहे, पण ती फार चिंचोळी आहे. परीक्षकाला हे माहीत नाही म्हणून गप्प बसू नका. मखर कोणत्या तारखेला उभं राहिलं, त्यात लेपाचा कोणता नमुना होता, पूड घातलेला की बिनपुडीचा, आणि फोटो कुणाच्या मोबाइलवर आहेत, हे सगळं कागदावर लिहून उद्याच एजंटकडे द्या. नमुना बिनपुडीचा असेल, तर सहाव्या दाव्यापुरती तुमची बाजू बरीच सावरू शकते. वहीतली ती तारीख तुमच्या मुलीलाच काढायला सांगा.