नाण्याची कड चंद्रकोरीसारखी कापलेली आहे. हे टाकसाळीतलं एरर की नंतर कुणी खराब केलंय? किती किंमत येईल?

चंद्रकोर म्हणालात म्हणून लिहायला बसलो. असंच ५ रुपयांचं जाड नाणं, ९ ग्रॅमवालं, वडिलांना वाण्याकडून सुट्ट्यांत आलं होतं. त्यांनी ते तपकिरीच्या डबीत जपलं. तेराव्याला डबी उघडली आणि भाऊजी चारचौघांत म्हणाले, "मामांनीच कानस मारलीय." ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला खोटं विकलं नाही, त्याच्याबद्दल!

मी २४ वर्षं प्रेस शॉपला आहे, म्हणजे यंत्राच्या ठोशाने (पंचने) धातूच्या पट्टीतून तुकडे पाडायच्या कामावर. पट्टी नीट पुढे सरकली नाही की पंच आधीच्या भोकावर पडतो आणि चकती अशीच कोर घेऊन निघते. टाकसाळीतही चकत्या पट्टीतूनच पाडतात. मग ठसा मारण्याआधी चकतीची कड दाबून उचलतात. एका बाजूला धातूच नसेल तर बरोबर समोर दाब बसत नाही. म्हणून कोरीच्या नेमक्या समोरची किनार पुसट, बसकी राहते. वडिलांच्या नाण्याची तशीच आहे. कोरीजवळची अक्षरंही तिकडे ओढल्यासारखी पसरलीत. कानशीने अक्षर तिथल्या तिथे तुटतं आणि समोरची किनार शाबूत राहते. वजनावरून काही ठरत नाही, दोन्हीकडे कमीच भरणार.

ठसा बसेपर्यंत झालं ते एरर, नंतरचं सगळं नुकसान. शेगडीवर काळं पडलेलं, रुळावर चपटं केलेलं, १० रुपयांचा मधला भाग ठोकून काढून फिरवून बसवलेला, हे एरर म्हणून विकणारे सरळ फसवतात. व्हाइसमध्ये, म्हणजे आवळायच्या लोखंडी पकडीत, दोन नाणी दाबून उलटा ठसाही उमटवतात. त्यात खालचं मूळ चित्र चेपलेलं दिसतं.

किंमत म्हणाल तर अशा कोरीची नाणी मी प्रदर्शनांत दोन-चारशेला जाताना पाहिलीत. लाखांच्या जाहिरातींना भुलू नका. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुनी नाणी घेतो म्हणत फी मागणाऱ्यांबद्दल खुद्द बँकेनेच २०२१ मध्ये सावध केलं होतं.

एक राहिलं: कोर अगदी लहान असेल तर समोरचा फरक दिसतही नाही, तेवढ्यावरून खोटं ठरवू नका. भाऊजींना भिंग घेऊन दोनदा बोलावलं, आले नाहीत. नाणं विकलेलं नाही, विकणारही नाही. तुमच्या नाण्याचा फोटो टाका, पण कोरीच्या समोरच्या बाजूचा.