गाडी नाही, तीन दिवस पुणे, सोबत आई-वडील: राहायचं कुठे?

तुमचा प्रश्न असा: सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसने आई-वडिलांना घेऊन येणार, तीन दिवस, गाडी नाही. शनिवारवाडा, दगडूशेठ, केळकर संग्रहालय, तुळशीबाग, जमलंच तर सिंहगड. वाकडला हायवेलगत नवं हॉटेल स्वस्तात मिळतंय, ॲपवर साडेचार तारे आहेत, सकाळचा नाश्ता फुकट. घ्यावं का?

घेऊ नका.

खरं तर इथेच थांबायला हवं. पण वाकड, हायवे आणि फुकट नाश्ता हे एका वाक्यात वाचलं की माझं डोकं फिरतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमची सदाशिव पेठेतली इमारत पुनर्विकासाला गेली होती आणि आम्ही जवळच दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नेमके तेव्हाच ह्यांचे मामा-मामी परभणीहून यायचे ठरले. मामा निवृत्त मुख्याध्यापक, मधुमेह आहे, गुडघे गेलेले. त्यांना घरी उतरवणं शक्यच नव्हतं. माझे धाकटे दीर वाकडला राहतात. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही पेठेतली माणसं, तुम्हाला हॉटेलातलं काय कळतंय? मी बघतो." आणि त्यांनी बघितलं. त्यांच्या सोसायटीपासून दहा मिनिटांवर, म्हणजे गाडीने दहा मिनिटांवर. खोली चकाचक, बाथरूममध्ये काचेची भिंत, गच्चीवर पोहण्याचा तलाव. मामा-मामी पोहायला आले नव्हते. मामींना तुळशीबागेत समई घ्यायची होती, मामांना केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघायचे होते आणि संध्याकाळी साडेपाचला बालगंधर्वला नाटक होतं. तिकिटं मी स्वतः खिडकीवर उभी राहून काढली होती, पाचव्या रांगेची.

सकाळी फुकट नाश्ता झाला. फुकट नाश्त्याची गंमत अशी की तो सोडवत नाही, त्यामुळे निघायला साडेनऊ वाजले. साडेनऊला वाकडहून पेठेत निघणं म्हणजे काय, हे पुण्यात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. औंधपर्यंत रांगत, मग विद्यापीठ चौक. तुळशीबागेत पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. मामींनी समई घेतली. चांगली पितळेची, जड. शिवाय ताम्हन, पळी-पंचपात्र, भातुकलीची बोळकी, सुनेसाठी काय काय. एक वाजला. आता हे सगळं ठेवायचं कुठे? आमचं घर जवळ, पण तीन जिने. मामा म्हणाले, मी बसतो इथेच. म्हणून विश्रामबागवाड्याच्या कट्ट्यावर आमचे मुख्याध्यापक समई मांडीवर घेऊन बसले, आणि तोवर मी मामींना ब्लाउजपीस बघायला नेलं.

मग जेवण. जेवणानंतर मामांना घटकाभर आडवं व्हायची सवय. त्यात दुपारी पुण्यात करायचं काय? आमच्या दुपारच्या वेळेवर जगाने पुरेसे विनोद केले आहेत, त्यातले निम्मे खरे आहेत. वाकडला जाऊन परत साडेपाचला बालगंधर्व? अशक्य. खाणावळीत आम्ही इतका वेळ बसलो की तिथल्या मुलाने पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं. तीनच्या सुमारास मामांचा चेहरा उतरला. मामी हळूच म्हणाल्या, "राहू दे गं नाटक. ह्यांना खोलीवर नेते." संग्रहालय राहिलं, नाटक राहिलं. पाचव्या रांगेत माझ्या शेजारी दोन रिकाम्या खुर्च्या, आणि तिसऱ्या अंकापर्यंत माझं लक्ष त्यांच्याकडेच.

संध्याकाळी मामांना आम्लपित्ताची गोळी हवी होती. औषधाचं दुकान हायवेच्या पलीकडे. पायी ओलांडायची सोय नाही, रिक्षा ॲपवर एकामागून एक रद्द होत गेल्या. शेवटी दीर गाडी घेऊन गेले आणि गोळी घेऊन आले. ह्यातून त्यांनी काय निष्कर्ष काढला माहितीये? "बघा, मी जवळ होतो म्हणून बरं."

त्यांचा दावा आजही कायम आहे: हॉटेल उत्तम होतं, मामींनी स्वतः "छान आहे हो" असं सांगितलं होतं. परभणीची बाई भाच्याच्या तोंडावर दुसरं काय सांगणार?

पुढच्या खेपेला मी भाऊजींना कळवलंच नाही. नारायण पेठेत एक जुनं लॉज बघितलं. पहिला मजला, स्वच्छ चादरी, गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेत, टीव्ही बहुधा शोभेचा. ॲपवर त्याला जेमतेम तीन तारे. मी त्याखालचे अभिप्राय वाचले. एकजात तक्रार: पार्किंग नाही, बोळ अरुंद, गाडी आत जात नाही, गाडी दोन चौक पलीकडे लावावी लागली.

आता ह्यावर तुम्ही नीट विचार करा. हे तारे देतो कोण? गाडीवाला. त्याला रुंद रस्ता, मोठं पार्किंग, हायवेवरून सरळ आत वळण हवं असतं. हे सगळं जिथे मिळतं तिथून पायी काहीच गाठता येत नाही. म्हणून गाडी नसलेल्याने अभिप्राय वाचताना 'पार्किंग नाही' असं दिसलं की आनंद मानावा. तुमच्याकडे लावायला गाडीच नाही! चादरी, बाथरूम, झुरळं ह्यांबद्दलच्या तक्रारी मात्र गंभीरपणे घ्या. त्या गाडीवाल्याच्या असोत की कुणाच्या, खऱ्याच असतात.

त्या खेपेला मामी एका दिवसात तुळशीबागेत दोनदा जाऊन आल्या. दुसऱ्यांदा फक्त एक चाळणी बदलायला. मामा दुपारी एक ते साडेतीन अख्ख्या पेठेबरोबर झोपले, उठून चहा घेतला आणि रिक्षाने बाजीराव रोडला संग्रहालयात गेले. तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, तरी मामांना अडकित्ते आणि दिव्यांपुढून हलवायला मला बंद व्हायची घंटा उपयोगी पडली. तिथलाच मस्तानी महाल बघायचा राहिला असता, मी आठवण केली म्हणून बघितला. हे सगळं दिरांना सांगितल्यावर उत्तर आलं: "तेव्हा शाळांना सुट्टी होती, वहिनी. ट्रॅफिकच नव्हतं." असो.

तर कसोटी एकच लावा: दुपारी खोलीवर परत येता येतं का? नकाशावरचे किलोमीटर मोजू नका. आई-वडील बरोबर असतील तर दिवसाचे दोन तुकडे पडतातच, आणि मधल्या वेळेत पाठ टेकायला मिळाली नाही तर दुसरा तुकडा वाया जातो.

ह्या कसोटीवर तुमच्यासाठी मी डेक्कन सांगेन: आपटे रोड, जंगली महाराज रोड, तिथल्या आतल्या गल्ल्या. लॉजपासून बऱ्या हॉटेलांपर्यंत सगळं आहे आणि बहुतेक ठिकाणी लिफ्ट मिळते. हुतात्मातून उतरलात की पुणे रेल्वे स्टेशनची मेट्रो वनाझच्या दिशेने घ्या, सरळ डेक्कन जिमखाना, कुठे बदलायला नको. पाताळेश्वर लेणी आणि बालगंधर्व तिथून जवळ. त्याच मेट्रोने उलट दिशेला रामवाडीकडे निघालात तर कल्याणीनगरला उतरून रिक्षाने आगाखान पॅलेस होतो. तुमच्या यादीत तो नाही, पण असायला हवा. 1942 ते 1944 गांधीजी तिथे कैदेत होते, आणि कस्तुरबा व महादेवभाईंच्या समाध्या तिथेच आहेत. लकडी पूल ओलांडला की अलका चौक आणि लक्ष्मी रोड. गुडघे ठीक असतील तर चालत, नाहीतर रिक्षा.

रिक्षावाल्याने नाही म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका, पुढच्याला विचारा. डेक्कनवर पुढचा असतो. हायवेवर नसतो.

आई-वडील चालते-फिरते असतील, दोन जिने चढणारे असतील, तर थेट पेठेत राहा. नारायण, शनिवार, सदाशिव. शनिवारवाडा ते दगडूशेठ ते तुळशीबाग ते मंडई, ह्यातलं कुठलंही पुढचं ठिकाण मागच्यापासून दहा मिनिटांच्या आत. 2024 च्या सप्टेंबरअखेर मेट्रो भुयारातून मंडई आणि स्वारगेटपर्यंत आली, त्यामुळे पेठेत पोचणंही सोपं झालंय. फक्त पुणे स्टेशनहून येताना जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलावी लागते आणि तिथला खालचा फलाट जमिनीत तीसेक मीटर खोल आहे. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, पण वडीलधाऱ्यांना सामान घेऊन घाईत नेऊ नका.

बुधवार पेठेतलं 'दगडूशेठपासून दोन मिनिटांवर' असं अगदी स्वस्त लॉज दिसलं तर आधी नेमकी गल्ली विचारा. मागच्या काही गल्ल्या वेश्यावस्तीच्या आहेत आणि आई-वडिलांसोबत तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल.

बाकीच्या जागा पटापट. पुणे स्टेशनसमोरचं विल्सन गार्डन पहाटेची गाडी असेल तर एका रात्रीपुरतं ठीक. स्वारगेट गोंगाटाचं, पण सिंहगड करायचाच असेल तर सोयीचं, कारण पायथ्याची पीएमपी बस तिथून मिळते (आम्ही अजून पीएमटीच म्हणतो) आणि पायथ्यापासून वर जीप जातात. कोरेगाव पार्क छान आहे, झाडं आहेत, पण तुमच्या यादीतलं एकही ठिकाण तिथे नाही. बाणेर-वाकडला हॉटेलवाले "मेट्रो जवळच" असं सांगतील. ती हिंजवडी ते शिवाजीनगर मार्गिका. ती शिवाजीनगरपर्यंत सलग धावतेय का हे आधी स्वतः तपासा, आणि धावत असली तरी हॉटेल ते स्थानक पायी जाता येतं का तेही बघा. हायवेलगत बहुतेकदा येत नाही.

आता दिरांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हे वाचून ते मला फोन करतील. तुमचं काम हिंजवडीत असेल, मुलाची मुलाखत वगैरे, तर वाकडच बरं. तिथून पेठेत येण्यात जितका जीव जातो तितकाच पेठेतून तिथे जाण्यात जातो. पण तुम्हाला हिंजवडीत काम नाही.

आणि गणपतीत येणार असाल तर वरचं पेठेबद्दलचं सगळं उलटं. संध्याकाळी मुख्य रस्ते वाहनांना बंद, रिक्षा आत येत नाही, ढोल रात्रीपर्यंत. विसर्जनाची मिरवणूक अलीकडे तीस तासांच्या आसपास चालते. तेव्हा डेक्कनच घ्या, मेट्रोने मंडईत या, बघा आणि परत जा. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हा रिक्षा लकडी पुलाने वळसा घेते. दहा-वीस रुपये जास्त होतात, रिक्षावाल्याशी भांडू नका.

खोली ठरवायच्या आधी फोन करून एवढं विचारा: खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट चालू आहे का, आणि चेकआउट दुपारी बाराचं की चोवीस तासांचं. जुन्या लॉजांत अजून चोवीस तासांचं मिळतं. म्हणजे सकाळी अकराला आलात तर लगेच खोली, आणि निघायच्या दिवशीही अकरापर्यंत तुमचीच. बाराचं असेल तर पहिल्या दिवशी सामान तरी ठेवू देतील का ते विचारून ठेवा, बहुतेक जण ठेवू देतात.