नाव रात्री शोधलं, सकाळी दुसऱ्याच्या नावावर

प्रश्न : नमस्कार सर, चिपळूणहून लिहितेय. आम्ही चौघीजणी मिळून कोकम आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ विकतो. आतापर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं, पण मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी वाढल्या म्हणून वेबसाइट करायचं ठरवलं. रविवारी रात्री दहाच्या सुमाराला डोमेन (म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं नाव) विकणाऱ्या एका साइटवर आमच्या गटाचं नाव टाकून बघितलं, डॉट कॉम मोकळं होतं, ८९९ रुपये. बाकीच्या तिघींना विचारून घेऊ म्हणून तेव्हा पैसे भरले नाहीत. बुधवारी परत बघते तर नाव गेलेलं, आणि तीच साइट म्हणते मालकाशी बोलून मिळवून देतो, १,८५,००० रुपये! नावात आमच्या वाडीचं नाव आहे हो, असं नाव दुसऱ्या कुणाला कशाला सुचेल? आम्ही शोधलं ते बघूनच कुणीतरी उचललं ना?

उत्तर : ताई, तुमचा संशय अजिबात वेडेपणाचा नाही, हे आधी सांगतो, कारण असं खरोखर घडलेलं आहे. २००८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नेटवर्क सोल्युशन्स या मोठ्या कंपनीच्या बाबतीत लोकांच्या लक्षात आलं की त्यांच्या साइटवर नाव नुसतं शोधलं तरी कंपनी ते लगेच स्वतःकडे अडकवून ठेवते, चार दिवस. तेवढे दिवस ते फक्त त्यांच्याकडूनच घ्यायचं, ३५ डॉलरला, बाहेर तेच दहाच्या आसपास मिळत असताना. कंपनीचं म्हणणं, ग्राहकाचं नाव दुसऱ्याने पळवू नये म्हणून आम्ही हे करतो. लोकांना ते पटलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं. त्याच्या आदल्या ऑक्टोबरमध्येच आयकॅनच्या (जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था) सुरक्षा समितीने या प्रकारावर इशारा काढला होता आणि लोकांकडून अनुभव मागवले होते. इंग्रजीत याला फ्रंट रनिंग म्हणतात.

कंपन्यांना हे परवडायचं कसं? नाव घेतल्यावर पाच दिवसांत रद्द केलं की विकणाऱ्या कंपनीला पैसे परत मिळायचे. मग लाखो नावं घ्यायची, चार दिवस जाहिराती लावून बघायच्या, चालली तर ठेवायची नाहीतर परत. २००८-०९ मध्ये आयकॅनने ही सवलत आवळली, महिन्याला घेतलेल्या नव्या नावांच्या १० टक्के किंवा ५० नावं, यातलं जे जास्त असेल तेवढीच फुकट रद्द करता येतात, वरच्यांचे पैसे जातात. त्यानंतर अशी रद्द होणारी नावं ९९.७ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे शोधलेलं प्रत्येक नाव फुकटात अडवून ठेवायचा धंदा तेव्हाच मोडला. एखादं नाव रोख पैसे देऊन उचलायला मात्र आजही कुणाला बंदी नाही.

आता तुमच्या नावाचं. तुम्ही पत्रात नाव कळवलंत म्हणून मी बघू शकलो, इथे छापत नाही. आयकॅनची स्वतःची लुकअपची साइट आहे, तिथे टाकल्यावर नोंद उघडते, मालकाचं नाव झाकलेलं असतं पण क्रिएशन डेट, म्हणजे नाव कधी नोंदवलं ती वेळ, दिसते. तुमच्या नावापुढे सोमवार, ०३:१० अशी वेळ आहे. ही जागतिक वेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी ८:४०. तुम्ही शोधल्यावर साधारण साडेदहा तासांनी. हे बघून मलाही तुमच्यासारखंच वाटलं.

पण मग मी तेच नाव वेबॅक मशीनवर टाकलं, जिथे जुन्या वेबसाइटींचे फोटो जपलेले असतात, तर २०१७ मधलं एक पान निघालं, त्याच वाडीतल्या एका होमस्टेचं, अंगणातल्या झोपाळ्याच्या फोटोसकट. म्हणजे नाव आधी कुणाचं तरी होतं, त्यांनी पुढे पैसे भरले नाहीत. डॉट कॉमची मुदत संपली की ते लगेच सुटत नाही, मधे वाढीव मुदत असते, मग ३० दिवस जुन्या मालकाला जास्त पैसे भरून सोडवता येतं, मग पाच दिवस थांबून बाजारात येतं. अशा सुटलेल्या नावांवर टपून बसलेले लोक आहेत, त्यांचे प्रोग्राम दिवसरात्र चालतात, आणि जुनी वेबसाइट असलेलं नाव त्यांना जास्त हवं असतं कारण त्यावर अजून येणारी माणसं असतात. माझ्या मते तुमच्या बाबतीत हेच झालंय. तुमचा सर्च कुणी विकला नाही असं मात्र मी छातीठोक सांगणार नाही, त्याचा पुरावा तुमच्या-माझ्या हाती लागत नाही.

१,८५,००० मात्र देऊ नका. डॉट कॉमचा घाऊक भाव, म्हणजे विकणाऱ्या कंपनीला पडणारा, सगळ्या नावांना एकच असतो, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्यामुळे डॉट कॉमपुढे लाखाचा आकडा दिसला की समजायचं कुणीतरी घेऊन विकायला बसलंय. तक्रार करून परत मिळवायचं तर वायपो या जागतिक संस्थेच्या लवादाची फीच १,५०० डॉलरपासून सुरू होते, शिवाय तुमचा ट्रेडमार्क दाखवावा लागतो. त्यापेक्षा डॉट इन घ्या, आपली गिऱ्हाइकं इथलीच आहेत. देवनागरीत डॉट भारतही मिळतं, २०१४ पासून आहे, बरणीच्या लेबलावर मराठीत पत्ता छापलेला छानच दिसेल.

या वेळी चौघींनी नाव आधी कागदावर पक्कं करा, दुसरा-तिसरा पर्याय पण लिहून ठेवा, आणि कार्ड हातात असेल तेव्हाच शोधा, मोकळं दिसलं की त्याच मिनिटाला घ्या. पैसे भरायच्या पानावर जरा थांबा, तिथे ईमेल, होस्टिंग (साइट ठेवायची जागा), सुरक्षा असं न मागितलेलं टोपलीत येऊन बसलेलं असतं. हे आपल्याकडे चालत नाही, ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने असल्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर नियम काढलेत, त्यात हे आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा. आणि पहिल्या वर्षीचा भाव बघून हुरळू नका, दुसऱ्या वर्षाचा रिन्यूअलचा भाव किती ते शोधा, तो बारीक अक्षरात असतो.

प्रश्न : सोलापुरात चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी एका वेबसाइटवाल्याने साइट करून दिली, डोमेनचे पैसे दरवर्षी मीच देतो. आता दुसऱ्याकडे काम द्यायचंय तर म्हणतो डोमेन माझं आहे, २५,००० द्या.

उत्तर : दादा, अशी पत्रं मला सगळ्यात जास्त येतात आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण माणसाला स्वतःच्याच दुकानाच्या पाटीचे पैसे पुन्हा मोजायची वेळ येते. डोमेन विकणारी कंपनी पैसे कुणी दिले ते बघत नाही, नोंदीत रजिस्ट्रंट (नोंदणीधारक) म्हणून कुणाचं नाव आहे ते बघते. त्या जागी तुमचं नाव असेल तर थेट कंपनीला लिहून ट्रान्सफरचा ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा गुप्त कोड) मागा, वेबसाइटवाल्याची गरज नाही.

त्याचं नाव असेल तर आधी फोनवर भांडू नका. चार वर्षांच्या बिलांचे, गूगल पेच्या पावत्यांचे, 'तुमच्या दुकानाचं डोमेन रिन्यू केलं' अशा मेसेजचे स्क्रीनशॉट गोळा करा, मग लेखी मागणी करा, मग वकिलाची नोटीस. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सत्यम इन्फोवेच्या निकालात म्हटलंय की डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं, आणि तुमच्या दुकानाचं नाव तर या डोमेनच्या आधीपासून चालू आहे. पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला धंदा ग्राहक कायद्यातही बसतो, त्यामुळे १९१५ तुम्हालाही उघडं आहे.

आणि हे सगळं करताना मुदत संपायची तारीख आजच बघून ठेवा. भांडणाच्या नादात ती उलटली तर नाव तुमचंही राहणार नाही आणि त्याचंही.